रजोनिवृत्ती : शरीराचे आकलन आणि स्त्रीचे आत्मदडपण

प्रस्तावना

मराठीत ‘चाळिशी’ या शब्दाला दोन अर्थ आहेत. एक वयाचा आणि दुसरा चष्म्याचा. चाळिशीच्या सुमारास डोळ्यातील भिंगाची लवचिकता कमी होते, जवळचे अक्षर अंधुक दिसू लागते आणि मनुष्य चष्मा लावतो. यात कोणाला लाज वाटत नाही. अधिक निश्चयाने पाहिले असते तर अक्षर स्पष्ट दिसले असते, असेही कोणी म्हणत नाही. चष्म्याला वयाचेच नाव देऊन भाषेने हा शारीरिक बदल सहज पचवून टाकला आहे. याच वयाच्या आगेमागे स्त्रीच्या बीजकोशात होणाऱ्या बदलाच्या वाट्याला मात्र हा समजूतदारपणा आलेला नाही. रात्री दोन वाजता जाग येणे, क्षुल्लक कारणावरून डोळे भरून येणे, शिकवता शिकवता नेहमीचे एखादे नाव ऐन वेळी न आठवणे, भर वर्गात अंगातून वाफा निघून पदर ओला होणे, या गोष्टींची नोंद स्त्री शरीराच्या खाती न करता स्वभावाच्या खाती करते. ‘आपणच कमी पडू लागलो’ असा निष्कर्ष ती काढते आणि मग ती उणीव भरून काढण्यासाठी स्वतःला अधिकच जुंपते.

हे दडपण कोठून येते, शरीरात प्रत्यक्ष काय घडत असते आणि त्याचे आकलन नसल्यामुळे किती मोठी किंमत मोजावी लागते, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे. विषय वैद्यकशास्त्राचा असला तरी तो केवळ वैद्यकशास्त्राकडे सोपवून चालणारा नाही. त्याची मुळे धर्माचारात, कुटुंबव्यवस्थेत आणि श्रमाच्या बाजारातही पसरलेली आहेत.

संज्ञा आणि काळ

सलग बारा महिने पाळी न आल्यास रजोनिवृत्ती झाली, असे मानले जाते. म्हणजे ही घटना घडत असताना ओळखता येत नाही. ती वर्षभराने मागे वळून पाहूनच निश्चित करता येते. खरा त्रास बहुधा त्या आधीच्या संक्रमणकाळात सुरू होतो. हा काळ अनेकदा चार-पाच वर्षांचा, क्वचित त्याहून दीर्घ असतो. पाळी चालू असल्यामुळे ‘हे त्याचे असणार नाही’ असा समज होतो आणि सर्वाधिक गैरसमज याच वर्षांत पोसले जातात. भारतीय स्त्रियांमध्ये रजोनिवृत्तीचे सरासरी वय सुमारे ४६ ते ४७ वर्षे आढळते, तर पाश्चात्त्य देशांत ते ५१ च्या आसपास आहे. इंग्रजी पुस्तकातील वय प्रमाण मानणारी ४३ वर्षांची प्राध्यापिका आपल्या त्रासाचा या बदलाशी संबंध जोडत नाही, याचे एक कारण हेही आहे.

सुश्रुतसंहितेच्या शारीरस्थानात बाराव्या वर्षानंतर सुरू होणारे रज पन्नाशीच्या सुमारास, शरीर वयाने पक्व झाल्यावर क्षीण होते, असे सांगितले आहे. या वर्णनात तो वयाचा क्रम आहे, व्याधी नव्हे. युरोपात या अवस्थेला स्वतंत्र वैद्यकीय नाव मिळाले ते एकोणिसाव्या शतकात. फ्रेंच वैद्य शार्ल द गार्दान यांनी १८२१ मध्ये ‘मेनोपॉज’ ही संज्ञा रूढ केली आणि पुढे या अवस्थेची गणना हळूहळू आजारांमध्ये होऊ लागली.

शरीरात काय घडते

मुलगी जन्मते तेव्हा तिच्या दोन बीजकोशांत मिळून सुमारे १० ते २० लक्ष स्त्रीबीजे असतात. वयात येईपर्यंत त्यांतील तीन-चार लक्ष उरतात. सबंध आयुष्यात पक्व होऊन बाहेर पडणारी बीजे चारशे-पाचशेच्या घरात असतात. उरलेली आपोआप नष्ट होतात. हा साठा नव्याने निर्माण होत नाही. तो संपत आला की बीजकोश मेंदूकडून येणाऱ्या आदेशांना पूर्वीसारखा प्रतिसाद देईनासे होतात आणि मेंदू अधिक जोराने आदेश देऊ लागतो.

येथे एक प्रचलित गैरसमज दूर करणे आवश्यक आहे. इस्ट्रोजेन हे संप्रेरक हळूहळू, एका सरळ उतरणीवरून कमी होत जाते, असे सर्वसाधारणपणे समजले जाते. प्रत्यक्षात संक्रमणकाळात त्याची पातळी अनियमितपणे वरखाली होते. काही महिने ती तरुणपणीपेक्षाही जास्त असू शकते. पाण्याची टंचाई असलेल्या गावातील नळासारखी ही स्थिती असते : कधी धो धो, कधी थेंबही नाही. ज्या महिन्यात बीज बाहेर पडत नाही, त्या महिन्यात प्रोजेस्टेरॉन हे दुसरे संप्रेरक पुरेसे तयार होत नाही. त्यामुळे गर्भाशयाचे अस्तर वाढत राहते आणि उशिरा आलेली पाळी अतिशय जास्त रक्तस्राव घेऊन येते. याच चढउतारामुळे ४५ वर्षांवरील स्त्रीच्या बाबतीत संप्रेरकांच्या एका रक्तचाचणीवरून फारसे काही ठरवता येत नाही. लक्षणे आणि पाळीचा बदललेला क्रम यांवरून निदान करावे, असे ब्रिटनच्या राष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वांनी २०१५ मध्येच सुचविले आहे.

अंगातून वाफा येण्यामागील यंत्रणा तर विशेष उद्बोधक आहे. मेंदूतील हायपोथॅलॅमस हा भाग शरीराचे तापमान राखतो. ठराविक मर्यादेत तापमान थोडे वरखाली झाले तरी तो काही करीत नाही; मर्यादा ओलांडली तरच घाम किंवा कुडकुडणे सुरू होते. हायपोथॅलॅमसमधील काही चेतापेशींवर इस्ट्रोजेनचा अंकुश असतो. तो सैल झाला की या पेशी अतिसक्रिय होतात आणि सहनमर्यादेची ती पट्टी अतिशय अरुंद होते. मग एक जिना चढणे, गरम चहाचा घोट किंवा बंद खिडक्यांची बैठक एवढेही पुरते. मेंदू ‘शरीर तापले’ असा चुकीचा इशारा देतो, त्वचेकडील रक्तवाहिन्या रुंदावतात, चेहरा लाल होतो, छातीत धडधडते, घाम फुटतो आणि लगेच थंडी वाजते. या पेशींवरील न्यूरोकायनिनचा परिणाम रोखणारे फेझोलिनेटंट हे संप्रेरकरहित औषध २०२३ मध्ये अमेरिकेत मान्य झाले. ज्या तक्रारीला पिढ्यान्‌पिढ्या ‘मनाचे खेळ’ म्हटले गेले, तिचे मेंदूतील ठिकाण इतक्या नेमकेपणाने सापडले आहे.

विस्मरणाचेही तसेच. अमेरिकेत १९९६ पासून तीन हजारांहून अधिक स्त्रियांचा दीर्घकाळ मागोवा घेणाऱ्या ‘स्वान’ या अभ्यासात असे दिसले, की नवी गोष्ट शिकून लक्षात ठेवण्याची गती संक्रमणकाळात काहीशी मंदावते आणि रजोनिवृत्तीनंतर ती पुन्हा सावरते. विस्मरणाला म्हातारपणाची किंवा स्मृतिभ्रंशाची पहिली पायरी समजून धास्तावलेल्या स्त्रीला एवढी एक गोष्ट कळली तरी तिची अर्धी भीती कमी होईल. याच अभ्यासाने २०१५ मध्ये आणखी एक समजूत खोडून काढली. वारंवार वाफा येणाऱ्या स्त्रियांमध्ये हा त्रास टिकण्याचा मध्यक कालावधी ७.४ वर्षे आढळला. ‘वर्ष-सहा महिन्यांत जाईल, दात-ओठ खाऊन काढ’ हा घरोघरी दिला जाणारा सल्ला त्यामुळे निराधार ठरतो.

दडपणाची मुळे

शरीराच्या क्रियेला दोष मानण्याची सवय जुनी आहे. भाद्रपद शुद्ध पंचमीचे ऋषिपंचमीचे व्रत महाराष्ट्रातील असंख्य घरांत पाळले गेले. त्या दिवशी बैलाच्या श्रमाचे काही खायचे नाही, ऋषीची भाजी करायची, हे सर्वांना ठाऊक असते. त्यामागची कहाणी सांगताना मात्र हल्ली आवाज खाली येतो. विटाळाचे नियम न पाळल्यामुळे स्त्रीला कुत्रीचा आणि तिच्या पतीला बैलाचा जन्म मिळतो, अशी ती कहाणी आहे. पाळीच्या काळात कळत नकळत घडलेल्या ‘स्पर्शदोषा’चे प्रायश्चित्त म्हणून हे व्रत करायचे आणि पाळी कायमची गेल्यावर त्याचे उद्यापन करायचे, असा प्रघात आहे. रजोनिवृत्तीची उघडपणे नोंद घेणारा विधी मराठी समाजात आहे, ही लक्षणीय गोष्ट होय. ‘हा टप्पा आला’ असे चारचौघांत सांगण्याची सोय त्याने करून दिली. परंतु ती दिली पापमुक्तीच्या भाषेत. शरीर जे आपोआप करीत होते त्याबद्दल तीस-पस्तीस वर्षे क्षमा मागितल्यावर, तेच शरीर वेगळे काही करू लागले तेव्हा स्त्रीने पुन्हा स्वतःलाच दोषी धरावे, यात आश्चर्य नाही.

या संदर्भात मार्शा फ्लिंट या मानववंशशास्त्रज्ञ स्त्रीने १९७५ मध्ये प्रसिद्ध केलेले निरीक्षण वारंवार उद्धृत केले जाते. राजस्थान व हिमाचल प्रदेशातील राजपूत स्त्रियांमध्ये पाळीतील अनियमिततेखेरीज अन्य तक्रारी जवळजवळ आढळल्या नाहीत, असे तिने नोंदविले. रजोनिवृत्तीनंतर त्यांचा पडदा सैल होतो, पुरुषांच्या बैठकीत येऊन बोलता येते. म्हणजे हा टप्पा त्यांना बढतीसारखा वाटतो, असा तिचा तर्क होता. महाराष्ट्रातही सोवळ्याओवळ्याच्या घरांत पाळी गेलेल्या स्त्रीला स्वयंपाकघर आणि देवघर अखंड मोकळे होत असे. तिचा शब्द वजनदार होई. पुढे मार्गारेट लॉक यांनी जपानमधील संशोधनातून (१९९३) दाखविले, की तेथील स्त्रिया वाफांची तक्रार कमी आणि खांदे आखडण्याची तक्रार अधिक करीत. संस्कृतीनुसार अनुभव बदलतो, हा या संशोधनाचा ग्राह्य अंश आहे. मात्र त्यावरून ‘आपल्याकडच्या बायकांना असले काही होत नाही, ही शहरी थेरे आहेत’ असा जो सोयीस्कर निष्कर्ष काढला जातो, तो टिकत नाही. भारतातील पाहण्यांत सांधेदुखी, थकवा, निद्रानाश आणि चिडचिड या तक्रारी सातत्याने आढळतात. ज्या स्त्रीला कोणी विचारलेच नाही, तिच्या मौनाला आरोग्य समजणे ही संशोधनाचीही चूक ठरते.

पंचेचाळीस ते पन्नास या वर्षांत संसाराचा भारही एकवटून येतो, हे वेगळे सांगण्याची गरज नाही. मुलांची बारावी, सासूबाईंचे गुडघे, वडिलांचे पथ्यपाणी आणि नोकरीतील जबाबदारीची पदे एकाच सुमारास अंगावर येतात. महाविद्यालयात तर विभागप्रमुखपद, परीक्षेचे काम आणि मूल्यांकन समितीची तयारी नेमकी याच वयाच्या प्राध्यापिकांकडे असते. वरिष्ठ झाल्यावर तक्रार कशी करायची, हाही एक संकोच असतो.

अलीकडे त्यात एका नव्या दडपणाची भर पडली आहे. जुने दडपण ‘सोस’ असे सांगत होते. नवे ‘तरुण राहा’ असे सांगते. अमेरिकन डॉक्टर रॉबर्ट विल्सन यांनी १९६६ मध्ये ‘फेमिनिन फॉरएव्हर’ या पुस्तकातून रजोनिवृत्ती हा संप्रेरकाच्या अभावाचा रोग असल्याचा प्रचार केला. ते पुस्तक अफाट खपले. या कामासाठी औषधकंपन्यांचा पैसा मिळत होता, हे पुढे उघड झाले. आज तोच सूर आरोग्यविषयक सल्ल्यांत ऐकू येतो. व्यायाम करा, नाचणी खा, ध्यान करा, आनंदी राहा. यांतील प्रत्येक सल्ला योग्य आहे. हाडांची झीज रजोनिवृत्तीनंतरच्या पहिल्या काही वर्षांत वेगाने होते, आणि शंभर ग्रॅम नाचणीत सुमारे ३५० मिलिग्रॅम कॅल्शियम असते, हेही खरे. पण आधीच गच्च भरलेल्या दिवसात हा आणखी एक अभ्यासक्रम येऊन पडतो. तो पूर्ण झाला नाही की पुन्हा अपराधीपणा वाट्याला येतो.

सोसणे आणि काढून टाकणे

शरीराविषयीच्या अज्ञानाची किंमत महाराष्ट्राने दोन टोकांनी मोजली आहे. एक टोक निमूटपणे सोसण्याचे. डॉ. राणी बंग आणि डॉ. अभय बंग यांनी गडचिरोली जिल्ह्यातील दोन गावांत ६५० स्त्रियांची तपासणी करून १९८९ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले. ९२ टक्के स्त्रियांमध्ये स्त्रीरोग आढळले. पूर्वी कधी अशी तपासणी झालेल्या स्त्रिया अवघ्या ८ टक्के होत्या. हा अभ्यास केवळ रजोनिवृत्तीचा नव्हता. ‘बायकांचे चालायचेच’ या वाक्याखाली केवढे आजारपण दडलेले असते, हे मात्र त्याने जगापुढे मांडले.

दुसरे टोक बीड जिल्ह्यातील आहे. ऊसतोडीच्या व्यवहारात नवरा-बायको मिळून एक ‘कोयता’ धरला जातो, मुकादमाकडून आगाऊ उचल घेतलेली असते आणि एका दिवसाचा खाडा झाला तरी दंड बसतो. फडात शौचालय नाही, पाणी नाही, पाळीच्या दिवसांत विश्रांती नाही. अशा स्थितीत अंगावरून पांढरे जाणे किंवा जास्त रक्तस्राव होणे, अशा उपचारांनी बऱ्या होऊ शकणाऱ्या तक्रारींवर ‘पिशवी काढणे’ हा उपाय सुचविला गेला. कर्करोगाची भीती घातली गेली. २०१९ मध्ये हा प्रश्न ऐरणीवर आल्यानंतर झालेल्या शासकीय पाहणीत ८२ हजारांहून अधिक ऊसतोड स्त्रियांपैकी १३ हजारांहून अधिक स्त्रियांचे गर्भाशय काढलेले आढळले. त्यांत तिशीतल्या स्त्रियाही मोठ्या संख्येने होत्या.

‘पिशवी’ हा शब्दच येथे तपासून पाहण्यासारखा आहे. पिशवी रिकामी झाली की तिचा उपयोग संपला, ती काढली तर बिघडले कोठे, असा तर्क त्या शब्दातच आहे. गर्भाशयासोबत बीजकोशही काढले तर पाच-सात वर्षांत घडणारा बदल एका दिवसात घडतो. हाडे, हृदय आणि झोप यांवर त्याचा आघात तीव्र असतो. बीजकोश राखले तरीही रजोनिवृत्ती काहीशी लवकर येण्याची शक्यता वाढते. चौथ्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत (२०१५–१६) १५ ते ४९ वयोगटातील ३.२ टक्के स्त्रियांचे गर्भाशय काढलेले आढळले आणि शस्त्रक्रियेच्या वेळचे मध्यक वय केवळ ३४ वर्षे होते. केंद्र शासनाने २०२२ मध्ये अनावश्यक शस्त्रक्रिया रोखण्यासाठी मार्गदर्शक तत्त्वे काढली. राज्यांनी ती तीन महिन्यांत अमलात आणावीत, असा आदेश सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल २०२३ मध्ये दिला. वर्गात शिकविणारी स्त्री आणि फडात राबणारी स्त्री यांच्या परिस्थितीत जमीन-अस्मानाचे अंतर आहे. तरीही ‘कामात खंड पडता कामा नये’ हा हिशेब दोघींनीही आपल्या शरीराविरुद्ध मांडलेला असतो. एकीवर तो मुकादम लादतो, दुसरी तो स्वतःच मांडते.

उपचारांविषयीचे भय

संप्रेरक-उपचारांविषयी सुशिक्षित स्त्रियांच्या मनात जी भीती आहे, तिचा उगम २००२ मध्ये आहे. अमेरिकेतील ‘विमेन्स हेल्थ इनिशिएटिव्ह’ या चाचणीतील इस्ट्रोजेन-प्रोजेस्टिन गट त्या वर्षी मुदतीपूर्वी थांबविण्यात आला. १६,६०८ स्त्रियांच्या या चाचणीत औषध घेणाऱ्या दर दहा हजार स्त्रियांमागे वर्षाला स्तनकर्करोगाचे आठ रुग्ण अधिक आढळले. वृत्तपत्रांनी ‘कर्करोग’ हा शब्द उचलला. दहा हजारांत आठ हे प्रमाण आणि सहभागी स्त्रियांचे सरासरी ६३ वर्षे वय या दोन गोष्टी मागे राहिल्या. पन्नाशीच्या आत-बाहेर, रजोनिवृत्तीनंतर दहा वर्षांच्या आत उपचार सुरू करणाऱ्या निरोगी स्त्रीचा लाभ-हानीचा ताळेबंद निराळा असतो, हे पुढील विश्लेषणांतून स्पष्ट झाले. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने नोव्हेंबर २०२५ मध्ये या औषधांवरील अनेक ठळक इशारे काढण्याची प्रक्रिया सुरू केल्याचे जाहीर केले. याचा अर्थ औषध सर्वांनी घ्यावे, असा नव्हे. स्तनकर्करोग, रक्ताच्या गुठळ्या किंवा यकृताचा गंभीर आजार असलेल्या स्त्रियांना ते सामान्यतः दिले जात नाही आणि गर्भाशय असलेल्या स्त्रीला एकटे इस्ट्रोजेन देऊन चालत नाही. पण ‘घ्यायचेच नाही’ आणि ‘घेतलेच पाहिजे’ या दोहोंपेक्षा स्वतःच्या प्रकृतीचा इतिहास घेऊन डॉक्टरांशी चर्चा करणे शहाणपणाचे आहे.

प्रस्तुत विषयाच्या दृष्टीने आणखी एक प्रयोग महत्त्वाचा आहे. लंडन येथे मायरा हंटर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १४० स्त्रियांवर केलेल्या अभ्यासात (२०१२) वाफांच्या त्रासासाठी बोधात्मक वर्तनोपचार वापरले. वाफा येताना स्त्री मनाशी काय बोलते याकडे तिचे लक्ष वेधणे, हा त्या उपचाराचा गाभा होता. ‘सगळे माझ्याकडेच पाहत आहेत’, ‘आता माझा ताबा सुटणार’ या विचारांच्या जागी ‘ही लाट आहे, काही मिनिटांत ओसरेल’ असा विचार आणि संथ श्वास यांचा सराव स्त्रियांनी केला. वाफांची संख्या त्यामुळे फारशी घटली नाही. वाफांचा जाच मात्र स्पष्टपणे कमी झाला. शरीराचा भाग कोठे संपतो आणि दडपणाचा भाग कोठे सुरू होतो, याची जणू मोजदादच या प्रयोगात झाली.

व्यवहारातील काही बाबी

महाविद्यालयांना यासाठी मोठी योजना आखावी लागत नाही. वेळापत्रकात सलग तीन तासिका न लावणे, वर्गात चालणारा पंखा, स्त्रियांच्या दालनाजवळ स्वच्छ प्रसाधनगृह आणि पिण्याचे पाणी एवढ्यानेही पुष्कळ साधते. आरोग्य शिबिरात हिमोग्लोबिन आणि थायरॉइडची तपासणी ठेवल्यास तिचा दुहेरी उपयोग होतो, कारण पंडुरोग आणि थायरॉइडचे विकार यांची लक्षणे रजोनिवृत्तीच्या लक्षणांशी मिळतीजुळती असतात आणि सर्व काही वयावर ढकलल्यास ती नजरेतून सुटतात. महिला तक्रार निवारण समितीच्या फलकाशेजारी या विषयावरची एखादी पत्रिका लागली, तर चर्चेला तोंड फुटेल. पुरुष सहकाऱ्यांनीही ती वाचायला हरकत नसावी.

स्त्रीने स्वतःसाठी एक साधी वही ठेवणे उपयुक्त ठरते. पाळीची तारीख, स्रावाचे प्रमाण, झोपेचे तास आणि वाफांच्या वेळा तीन महिने लिहिल्या, तरी डॉक्टरांसमोर ‘बरे वाटत नाही’ याऐवजी नेमके काही सांगता येते. पाळी अनियमित झाली म्हणजे गर्भधारणेची शक्यता संपली असे नाही. बारा महिन्यांचा काळ पूर्ण होईपर्यंत ती शिल्लक असते. आणि एकदा बारा महिने पाळी थांबल्यानंतर पुन्हा रक्त दिसले, मग ते एक डागभर का असेना, तर त्याला ‘राहिलेली पाळी’ समजून थांबू नये. बहुतेक वेळा त्याचे कारण किरकोळ निघते. परंतु गर्भाशयाच्या अस्तराचा कर्करोग सुरुवातीला याच खुणेने ओळखू येतो आणि त्या टप्प्यावर तो बहुधा बरा होतो; म्हणून ही तपासणी सुटीची वाट न पाहता त्याच आठवड्यात करून घ्यावी.